लिंबाची फोड आणि बर्फातलं घर

इंदूरला राजवाड्याच्या आसपास सकाळी पोहे खायला उभं राहिलं, की वाफाळत्या पोह्यांवर शेव पडते, जिरावन भुरभुरतं, कांदा पडतो आणि शेवटी बशीच्या काठावर लिंबाची एक फोड येते. ती कुणी मागत नाही, तिच्याबद्दल कुणी आभारही मानत नाही. पोहे संपले की पिळलेली साल बशीसकट टोपलीत जाते. एवढ्याशा फोडीकडे कुतूहलानं पाहायचं कारण काय? कारण शिडाच्या जहाजांच्या काळात ही फोड न मिळाल्यामुळे हजारो धट्टेकट्टे खलाशी मेले. आधी हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, मग जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या आणि माणूस बसल्या जागी खचायचा. इंग्रजांचा कमोडोर ॲन्सन १७४० साली जहाजांचा ताफा घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. चार वर्षांत त्याच्या हजाराहून अधिक माणसांचा बळी रोगराईनं घेतला आणि त्यात या रोगाचा, म्हणजे स्कर्व्हीचा, वाटा मोठा होता. शत्रूच्या तोफांनी मारलेले त्यामानानं मूठभर.

ध्रुवाकडे गेलेल्या जहाजांच्या गोष्टी मी लहानपणापासून वाचत आलो. काळी अथांग रात्र, जहाजाला मगरमिठी घालणारा बर्फ, बुटाचं कातडं उकळून खाणारी माणसं. वाचताना ऊर भरून यायचा. पण वय वाढत गेलं तशी एक शंका छळू लागली. या हालअपेष्टांतल्या बर्फानं दिलेल्या किती आणि माणसांनी घरून पेटीत भरून नेलेल्या किती?

शंका अवघड आहे, कारण आपल्याला हालांचं फार कौतुक. तप केलं की वर मिळतो, एका पायावर उभं राहिलं की देव प्रसन्न होतो, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. कुणी एखादी गोष्ट साधली, की आपला पहिला प्रश्न असतो, ‘किती कष्ट काढले?’ आणि कष्ट फारसे काढले नाहीत असं कळलं, की यशाचा रंग थोडा उतरतोच. साहेबही यात आपल्यापेक्षा वेगळा नव्हता. जो बर्फात गोठून मेला त्याचा त्यानं पुतळा उभारला आणि जो सुखरूप, वजन न घटवता परत आला त्याच्याकडे थोडं संशयानं पाहिलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की हाल हा शहाणपणाचा पुरावा नसतो. बऱ्याचदा तो न विचारलेल्या प्रश्नाचा दंड असतो.

समुद्रापासून इतक्या दूर, माळव्याच्या पठारावर बसून ध्रुवाबद्दल बोलण्याचा मला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. अधिकार आहे, आणि तो जुना आहे. आमच्या शेजारचं उज्जैन हे भारतीय ज्योतिषाचं शून्य रेखांशाचं गाव. लंकेपासून निघणारी ती मध्यरेषा उज्जयिनीवरून, कुरुक्षेत्राजवळून थेट मेरूला, म्हणजे ध्रुवाला भिडते, असं आपले ज्योतिषी मानत. इंदूर जवळजवळ त्याच रेषेवर आहे. इथून नाकासमोर उत्तरेला चालत सुटलं, तर सुमारे साडेसात हजार किलोमीटरवर उत्तर ध्रुव लागतो. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडंच वर, डोंगला गावाजवळून जातं. एकवीस जूनच्या दुपारी उज्जैनच्या वेधशाळेत शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. सूर्य डोक्यावर किती येतो हे ज्यांनी इतकं नेमकं मोजलं, त्यांना सूर्य कुठे मावळतच नाही हेही गणितानं कळलं. मेरूवर सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र, हे सूर्यसिद्धान्तात आहे. सूर्याचा कल चोवीस अंश धरला, तर सहासष्ट अक्षांशांच्या पुढे काय घडेल, हे भास्कराचार्यांनी घरबसल्या सांगितलं. ना बोट हिमदंशानं गेलं, ना दात पडला.

दुसरे घरबसले म्हणजे लोकमान्य टिळक. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली. तुरुंगात मॅक्स म्युलरनं पाठवलेली ऋग्वेदाची प्रत त्यांना वाचायला मिळाली. उषासूक्तांमधली ती लांबच लांब, अनेक दिवस चालणारी पहाट वाचून त्यांना वाटलं, ही पहाट पंजाबातली असू शकत नाही, ही ध्रुवाजवळचीच. १९०३ साली त्यांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आर्यांचं मूळ ध्रुवप्रदेशात होतं हा त्यांचा सिद्धान्त आजचे अभ्यासक मान्य करत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण ग्रंथाच्या नावातला एक शब्द मला सोडत नाही, तो म्हणजे ‘होम’. ज्या प्रदेशाला सारा युरोप नरक म्हणत होता, त्याला पुण्याच्या या ब्राह्मणानं घर म्हटलं. माणसं चुकीची निवडली असतील, पण बर्फ हे कुणाचं तरी घर असू शकतं, हे त्यांना दिसलं. त्या वेळी तिथे खरोखर राहणारी माणसं होती आणि बहुतेक दर्यावर्दी त्यांच्या दारावरून पुढे निघून जात होते.

आधी न्याय्य बाजू मांडतो. काही हाल टाळण्यासारखे नव्हतेच. लाकडी जहाज, तागाचे दोर, कॅनव्हासची शिडं, वाऱ्याच्या मर्जीवर चालणारा सगळा कारभार. गारठ्यात भिजलेलं शीड गोठून पत्र्यासारखं ताठ व्हायचं आणि ते गुंडाळायला माणसाला डोलकाठीवर चढून उघड्या बोटांनी झगडावं लागायचं. दोरांवर बर्फ चढून ते मनगटाएवढे जाड व्हायचे आणि कप्पीतून सरकेनासे व्हायचे. जेम्स कुकनं १७ जानेवारी १७७३ रोजी दक्षिण ध्रुववृत्त ओलांडलं, तेव्हा त्याच्या आधी कुणी तिथे गेल्याची नोंद नव्हती. पुढच्या वर्षी तो ७१ अंश १० मिनिटं दक्षिणेपर्यंत पोहोचला आणि समोर बर्फाची भिंत पाहून वळला. अंटार्क्टिकाची जमीन त्याला दिसलीच नाही. त्याला नकाशा विचारायला कुणी नव्हतं, कारण त्या दिशेला माणूसच राहत नव्हता. हे हाल खरे, ज्ञानाची किंमत म्हणून मोजलेले.

पण याच कुकचा दुसरा पराक्रम पाहा. तीन वर्षांच्या त्या सफरीत ‘रेझोल्यूशन’वर स्कर्व्हीनं एकही माणूस दगावला नाही. मिळेल तिथे ताजी भाजी, जहाजाची स्वच्छता, कोरडे कपडे आणि आंबवलेली कोबी. आधीच्या सफरीत खलाशांनी कोबीला तोंड लावलं नव्हतं, तेव्हा त्यानं ती अधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज वाढायला लावली. साहेब खातो म्हटल्यावर खालचेही मागू लागले. घरातल्या सुगरणीला ही युक्ती शिकवावी लागत नाही. कुकची थोरवी मला त्याच्या ध्रुववृत्तापेक्षा या कोबीत जास्त दिसते. पुतळ्याखाली मात्र कोबी कोरलेली नसते.

लिंबाचं तर त्याहून मोठं दुःख. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ जहाजावर डॉक्टर जेम्स लिंडनं स्कर्व्हीचे बारा रोगी घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं काही दिलं. एकीला सफरचंदाचं पेय, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं, ते सहा दिवसांत उठून बसले आणि फळं तेवढ्यातच संपली. सहाच दिवसांत उत्तर मिळालं होतं. पण इंग्रजी आरमारानं लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडलं. पुढचं ऐकाल तर हात कपाळावर जाईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आरमारानं भूमध्य समुद्राकडचं पिवळं लिंबू सोडून वेस्ट इंडीजमधलं हिरवं लिंबू घेतलं. वसाहतीत पिकतं, सोयीचं पडतं, आणि लिंबू ते लिंबूच. पण त्या रसात रोग बरा करणारा गुण फार कमी होता. १८७५ साली नेअर्सची मोहीम उत्तर ध्रुवाकडे निघाली, तेव्हा स्लेज ओढणारी तिची माणसं पुन्हा त्याच स्कर्व्हीनं आडवी झाली. एकदा सापडलेलं शहाणपण कुणाच्या तरी हिशेबाच्या वहीत हरवलं होतं. नेअर्सच्या माणसांचे हाल बर्फानं केले, असं म्हणताना जीभ अडखळते.

आता मुख्य कथा, सर जॉन फ्रँकलिनची. १९ मे १८४५ रोजी ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिकला जाणारा मार्ग शोधायला इंग्लंडहून निघाली. तीन वर्षांचं अन्न, डबाबंद मांसाचे हजारो डबे, वाचनालय, चांदीचे काटे-चमचे. सप्टेंबर १८४६ मध्ये जहाजं किंग विल्यम बेटाजवळ बर्फात अडकली. जून १८४७ मध्ये फ्रँकलिन वारला. एप्रिल १८४८ मध्ये उरलेल्या १०५ जणांनी जहाजं सोडली आणि दक्षिणेकडे चालायला सुरुवात केली. बर्फात गेलेल्या एकूण १२९ जणांपैकी एकही परतला नाही. १८५९ साली शोधपथकाला बर्फावर एक होडी सापडली. ती स्लेजवर चढवून माणसांनी ओढत आणली होती. तिच्यात दोन सांगाडे होते आणि त्यांच्यासोबत पुस्तकं, साबण, सपाता, चहा, चॉकलेट आणि चांदीचे चमचे. मरणाच्या वाटेवरही माणूस आपली बैठकीची खोली ओढत चालला होता.

त्याच बेटावर त्याच वेळी इन्युइट लोक राहत होते, बायकापोरांसकट. सील मारत होते, बर्फाची घरं बांधत होते, कातड्याचे कपडे शिवत होते, लहान मुलांना गोष्टी सांगत होते. सुखात होते असं म्हणणार नाही. त्यांच्याकडेही उपासमार यायची. पण तो प्रदेश त्यांच्या लेखी नरक नव्हता, तर ते त्यांचं गाव होतं. एकाच अक्षांशावर, एकाच थंडीत एकाचं स्मशान झालं आणि दुसऱ्याचं अंगण राहिलं. फ्रँकलिनच्या माणसांची संख्या मोठी होती. एवढ्या तोंडांना पुरेल इतकी शिकार त्या भूमीत मुळात नव्हती, हेही खरं. पण शंभरावर माणसं घेऊन तिथे जायचं, हा निर्णय घेताना त्या भूमीला कुणी विचारलं होतं का?

ज्यानं विचारलं, त्याचं काय झालं हेही पाहू. ऑर्कनी बेटांवरचा जॉन रे हा डॉक्टर हडसन बे कंपनीत नोकरीला होता. तो चार-पाच माणसं घेऊन निघायचा, इन्युइटांसारखं बर्फाचं घर बांधायचा, शिकार करून पोट भरायचा आणि हजारो मैल चालून ठणठणीत परत यायचा. १८५४ साली त्यानं इन्युइटांकडून ऐकलेली हकीकत लंडनला कळवली. फ्रँकलिनची माणसं उपाशी मेली आणि शेवटी त्यांनी आपल्याच मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. लंडन खवळलं. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकानं आपल्या साप्ताहिकात लिहिलं, की रानटी लोकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, उलट त्यांनीच घात केला असेल. रेला बक्षिसाची रक्कम मिळाली, पण सरदारकी कधीच मिळाली नाही. पुढे विसाव्या शतकात तिथे सापडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा दिसल्या. २०१४ साली ‘एरेबस’ सापडलं, ते इन्युइटांच्या तोंडी परंपरेनं सांगितलेल्या भागात. २०१६ साली ‘टेरर’ सापडलं, ते एका इन्युइट माणसानं दाखवलेल्या खाडीत. दीडशेहून अधिक वर्षं उत्तर तिथल्या लोकांच्या जिभेवर होतं.

ऐकून न घेण्याची ही खोड त्याहूनही जुनी. विलेम बॅरेंट्झ या डच दर्यावर्द्याचं जहाज १५९६ साली नोव्हाया झेम्ल्याच्या किनाऱ्याला बर्फात अडकलं. सतरा जणांनी वाहून आलेल्या लाकडांचं घर बांधून हिवाळा काढला. जानेवारी १५९७ मध्ये त्यांना सूर्य दिसला आणि तोही गणितानं सांगितलेल्या दिवसापेक्षा दोन आठवडे आधी. परतल्यावर विद्वानांनी त्यांना वेड्यात काढलं, दिवस मोजायला चुकले म्हणाले. आज आपल्याला ठाऊक आहे, की थंड हवेच्या थरांतून प्रकाश वाकतो आणि क्षितिजाखालचा सूर्यही दिसू शकतो. उज्जैनच्या गणिताचा मला अभिमान आहे, पण गणितापुढेही एक पायरी असते. जो तिथे राहून आला त्याचं बोलणं मनावर घेणं, ही ती पायरी.

आणि मग १९०३. टिळकांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी जूनमध्ये रोआल्ड अमुंडसेन हा नॉर्वेचा तरुण सहा सोबत्यांना घेऊन ‘योआ’ नावाच्या जुन्या मासेमारी गलबतातून निघाला. शिडाचं गलबत, वर एक छोटं इंजिन. फ्रँकलिनची माणसं जिथे मेली त्याच किंग विल्यम बेटावर तो दोन हिवाळे राहिला. अडकून पडला म्हणून राहिला नाही, तर मोजमापं घ्यायला आणि शिकायला राहिला. नेत्सिलिक इन्युइटांकडून तो कातड्याचे सैल कपडे घालायला शिकला, म्हणजे घाम साचून गोठत नाही. कुत्र्यांची गाडी हाकायला शिकला, बर्फाचं घर बांधायला शिकला. १९०६ साली फ्रँकलिन शोधत होता तोच मार्ग पार करून तो बाहेर पडला. पुढे दक्षिण ध्रुवावर तो पहिला पोहोचला तो याच शिकवणुकीच्या जोरावर. त्याच्या गोष्टीत रोमांच कमी आहे, म्हणून ती कमी सांगितली जाते. मला ती सगळ्यात थरारक वाटते. सात माणसांनी शहाणपण शिकायला दोन वर्षं शांतपणे बसावं, याहून मोठं धाडस कोणतं?

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. फ्रँकलिनच्या शोधात तीसहून अधिक मोहिमा निघाल्या आणि त्यांनीच उत्तरेच्या बेटांचा नकाशा पुरा केला. अमुंडसेननं जो नकाशा उघडला, त्यावर या मेलेल्या माणसांच्या शोधाची शाई होती. म्हणजे हाल वाया गेले नाहीत. मान्य. पण ‘वाया गेले नाहीत’ आणि ‘आवश्यक होते’ ही दोन वेगळी विधानं आहेत. मुलगा विहिरीत पडला म्हणून गावानं कठडा बांधला, हे चांगलंच झालं. त्यासाठी मुलगा पडायलाच हवा होता, असं त्याच्या आईला कोण सांगणार?

हा विचार माझ्यापुरता पुस्तकी राहिला नाही, त्याचं कारण आपल्याच भाषेतली काही माणसं. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे त्यांचं स्वप्न होतं. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. बोट बांधली गोव्याच्या दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांनी. त्याआधी इतकी मोठी महासागरी शिडाची बोट त्यांनी बांधली नव्हती. नाव ठेवलं ‘म्हादेई’, गोव्याच्या नदीचं. आणि या सगळ्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे विचारणं. दोंदे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या चमूत काम करून शिकले. १९६९ साली न थांबता एकट्यानं प्रदक्षिणा पुरी करणारे हे पहिले दर्यावर्दी, आणि त्यांची बत्तीस फुटी ‘सुहेली’ ही मुंबईच्याच सुतारांनी सागवानातून बांधलेली. विद्या फिरून घरी आली म्हणायची. दोंदे आधी मॉरिशसपर्यंत जाऊन आले, बोटीचे दोष काढले आणि मग १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड आणि केपटाऊन असे चार मुक्काम करून मे २०१० मध्ये परतले. चाळीस-पन्नास अक्षांशांमधल्या, कुकनं ज्यांना तोंड दिलं त्याच दक्षिणेच्या लाटा त्यांनाही लागल्या. हाल झालेच. पण ते समुद्रानं दिले तेवढेच, वर घरचे भरले नव्हते.

समुद्र आपला वाटा घेतोच, हेही विसरू नये. २०१८ साली भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी जुन्या काळच्याच साधनांनी पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत करत ‘थुरिया’तून दक्षिण हिंदी महासागरात होते. ती बोट ‘सुहेली’च्या बेतावर गोव्यात बांधलेली. वादळात डोलकाठी मोडली आणि पाठीच्या कण्याला मार बसला. फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं, कारण हाक द्यायला यंत्र होतं आणि ऐकायला माणसं होती. तोच माणूस पाच वर्षांनी त्याच शर्यतीत दुसरा आला. धैर्य कमी झालेलं नाही. हाक ऐकली जाण्याची सोय मात्र झाली आहे.

आम्ही माळव्यातले मराठी लोक तरी कोण? घोड्यावरून, तलवार लावून, चौथाई वसूल करायला आलेले. आलो ते मालक म्हणूनच. ती तलवार कधीच गेली. टिकलं ते शिकलेलं. माळवी बोली जिभेवर चढली, मराठीत ‘भिया’ शिरला, आजीच्या पोह्यांवर बडीशेप आणि जिरावन आलं. जे इथलं शिकले नाहीत त्यांची नावं बखरींत आहेत. शिकले त्यांची घरं इथे आहेत.

माझा नातू हल्ली ध्रुवाच्या गोष्टी वाचतो. परवा त्यानं फ्रँकलिनची गोष्ट संपवली आणि डोळे विस्फारून म्हणाला, ‘आजोबा, किती हाल झाले त्यांचे!’ मी म्हटलं, ‘हो रे. पण त्या बेटावर लोक राहत होते. त्यांना कुणी काही विचारलं होतं का, ते पुस्तकात शोध.’ त्यानं पानं चाळली. बराच वेळ चाळत होता.